पीयूसी दुसऱ्या वर्षाचा मुलगा, डिसेंबर महिना आणि प्रवेशाचे अर्ज

बेळगाव तालुक्यातील एका गावातून एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांचा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला आणि आता पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे कर्नाटकातील बारावीला, विज्ञान शाखेत आहे. वडील उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत कामाला जातात आणि घरी थोडी भातशेती आहे. मुलाने बंगळूरला इंजिनिअरिंग करावे असे वडिलांना वाटते. पुण्यातील मामा म्हणतात, महाराष्ट्राची सीईटी, म्हणजे तिथली सामायिक प्रवेश परीक्षा द्या. मुलगा मात्र काहीच बोलत नाही. तो रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल घेऊन बसतो, पहाटे पाचला उठवले की चिडतो, आणि नाताळात ट्यूशन आठ दिवस बंद राहणार असल्याने आता घरात रोज वाद होतात. ताईंचे मुख्य प्रश्न दोन आहेत : या दिवसांत त्याच्याशी कसे वागावे आणि नेमके कोणते फॉर्म भरावेत.

ताई, तुम्हाला हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण सत्तावीस वर्षे पदवीपूर्व महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना आणि त्यानंतर पालकांशी बोलताना मी जे पाहिले, त्यावरून ते एकच आहेत असे मला वाटते. फॉर्मचा गोंधळ घरात असतो, त्याची भीती आईवडिलांच्या मनात असते आणि ती भीती बाहेर पडते ती मात्र अभ्यासाच्या नावाने. 'वाचायला बस' या वाक्यामागे बहुतेक वेळा 'कोणता फॉर्म कधी भरायचा हे आपल्याला कळत नाही' ही काळजी दडलेली असते. म्हणून माझा सल्ला असा की पुढचे दोन-तीन महिने मुलाच्या अभ्यासावरचा ताबा तुम्ही सोडून द्यावा आणि कागदांचा ताबा पूर्णपणे आपल्याकडे घ्यावा. अभ्यास त्याचा त्यालाच करायचा आहे, त्यात तुम्ही काही भर घालू शकत नाही. कागदांचे काम मात्र तुम्ही त्याच्यापेक्षा चांगले करू शकता आणि ते केल्याने त्याच्या डोक्यावरचा खरोखरीचा भार उतरतो.

आधी सुट्टीबद्दल. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याला, ऑक्टोबरमध्ये येऊन जाते. डिसेंबरअखेरीस मिळतात ते नाताळचे थोडे दिवस, आणि तेही सगळ्या महाविद्यालयांना सारखे मिळत नाहीत. लगेच प्रिपरेटरी, म्हणजे बोर्डाआधीची सराव परीक्षा, आणि प्रॅक्टिकल असतात, आणि फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चमध्ये बोर्डाची पहिली परीक्षा येते. अशा आठ दिवसांत 'राहिलेला सगळा पोर्शन' संपवण्याचे वेळापत्रक भिंतीवर लावले, तर ते तिसऱ्या दिवशी मोडते आणि उरलेले पाच दिवस ते मोडल्याच्या अपराधीपणात जातात. हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की आता पालकांना स्पष्टच सांगते : सुट्टीत दोन विषयांतील दोन-दोन कच्ची प्रकरणे पक्की झाली, झोप भरून निघाली आणि प्रवेशाचे कागद एका फाईलमध्ये लागले, तर ती सुट्टी सत्कारणी लागली.

आता प्रवेशाची दारे किती आहेत ते पाहू. सीमाभागातल्या मुलांना दोन राज्यांची दारे असतात. ही सोय आहे, पण घरातल्या गोंधळाचे मूळही तेच आहे.

पहिले आणि तुमच्या मुलासाठी सर्वांत महत्त्वाचे दार म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाची, म्हणजे केईएची सीईटी. तिचे अर्ज गेली काही वर्षे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास निघतात आणि परीक्षा एप्रिलमध्ये होते. प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, ६० गुण आणि ८० मिनिटे असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इंजिनिअरिंगची रँक ठरवताना निम्मे वजन सीईटीला आणि निम्मे पीयूसीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताच्या गुणांना असते. ही गोष्ट घरात सर्वांनी नीट समजून घ्यावी, कारण क्लासच्या नादात बोर्डाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष करणारी मुले आपली अर्धी रँक तिथेच घालवतात. २०२४ पासून बोर्ड एकाच वर्षात एकाहून अधिक परीक्षा घेते आणि त्यांतील चांगले गुण धरले जातात, हेही मुलाला एकदा शांतपणे सांगा. मार्चची परीक्षा बिघडली तर सगळे संपले, ही भीती आता खरी राहिलेली नाही.

दुसरे दार महाराष्ट्राच्या सीईटीचे. मामांचे म्हणणे चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी 'ई' हा वेगळा प्रकार आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी आपले गाव असेल आणि तिथला रहिवास, तिथलेच शिक्षण व मराठी मातृभाषा यांचे विहित नमुन्यातील दाखले जोडता आले, तर तुमच्या मुलाला परराज्यातील मुलगा म्हणून रांगेच्या शेवटी उभे राहावे लागत नाही. मेडिकलसाठीही सीमाभागाची वेगळी तरतूद आहे. मामा सांगत नाहीत तो भाग अभ्यासक्रमाचा आहे. त्या परीक्षेत सुमारे २० टक्के प्रश्न महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात, आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा असतो. आपली मुले पीयूसीला एनसीईआरटीची पुस्तके वापरतात. विषय तेच असले तरी प्रकरणांची मांडणी आणि प्रश्नांचा वेग वेगळा असतो. म्हणून ही परीक्षा 'जाता जाता देऊन येऊ' अशी नाही. मुलाला खरोखर कोल्हापूर, सांगली किंवा पुण्याला शिकायचे असेल आणि एप्रिलमध्ये तो जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला वेळ देणार असेल, तरच हा फॉर्म भरावा. केवळ मामांच्या समाधानासाठी भरू नये.

जेईई या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेच्या जानेवारीतील पहिल्या सत्राची नोंदणी डिसेंबरपर्यंत आटोपलेली असते. ती केली नसेल तर त्याबद्दल घरात एक शब्दही काढू नका, एप्रिलचे सत्र शिल्लक आहे. कॉमेडके ही खासगी महाविद्यालयांची परीक्षा मे महिन्यात होते, आणि तिच्यातून मिळणाऱ्या जागांची फी सीईटीच्या जागांपेक्षा बरीच जास्त असते, हे लक्षात घेऊनच तिचा विचार करावा. हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी ज्यांची मुले 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देणार आहेत त्यांच्यासाठी एवढेच की ती परीक्षा १३ भाषांत होत असली तरी मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. शिवाय दोन वर्षे इंग्रजीतून जीवशास्त्र शिकलेल्या मुलाने मातृभाषेच्या प्रेमापोटी ऐनवेळी मराठीचा पर्याय निवडू नये. मूत्रपिंड आणि किडनी हे एकच आहे हे त्याला माहीत असते, पण शेकडो संज्ञांचे असे भाषांतर परीक्षेच्या घाईत करण्यात वेळ जातो.

या सगळ्यांतून तुमच्या घराने दोन किंवा फार तर तीन दारे निवडावीत आणि बाकीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बंद झाली असे मुलासमोर स्पष्ट बोलून टाकावे. दार बंद करणे हेही काम आहे, आणि ते आईवडिलांनीच करायचे असते. सगळी दारे उघडी ठेवलेल्या घरातला मुलगा कोणत्याच दाराकडे नीट पाहू शकत नाही. तुमच्या पत्रावरून मला असे वाटते की तुमच्यासाठी पहिले दार कर्नाटक सीईटीचेच असावे आणि दुसरे कोणते असावे हे मुलाने ठरवावे.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तुमच्या घरी भातशेती आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठातील बीएस्सी कृषीचे प्रवेशही केईएमार्फतच होतात, आणि शेतकरी कुटुंबातील मुलांसाठी त्यात वेगळा कोटा आहे. त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, ज्यात बियाणे, अवजारे, पिके ओळखायची असतात. सुगीत बापाबरोबर मळणीला उभा राहिलेला मुलगा तिथे शहरातल्या मुलाच्या पुढे असतो. तुमच्या मुलाला शेतीत रस आहे की नाही हे मला माहीत नाही, पण त्याला असा मार्ग आहे हे कोणी सांगितले आहे का, एवढे विचारून पाहा. आपल्या गावांतील पुष्कळ मुलांना इंजिनिअरिंग आणि लष्करभरती यांच्या पलीकडे काही दिसतच नाही, आणि न बोलणारा मुलगा कित्येकदा एवढ्यासाठीच न बोलणारा असतो की त्याला जे हवे आहे त्याचे नाव त्याला माहीत नसते.

आता कागदांकडे वळते, आणि इथे मी थोडी जास्त रेंगाळणार आहे.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या संध्याकाळी एक वडील आणि त्यांची मुलगी एका सायबरमध्ये बसले होते. मुलीच्या वडिलांचे नाव ज्ञानेश्वर. मराठी शाळेतल्या मुख्याध्यापकांनी ते इंग्रजीत लिहिताना आपल्या पद्धतीप्रमाणे डी-एन-वाय असे सुरू केले होते, आणि दहावीच्या मार्क्स कार्डावर तेच आले. आधार केंद्रावरील मुलाने कानडी वळणाने तेच नाव जे-एन लिहिले. नाडकचेरीतून, म्हणजे गावाजवळच्या महसूल कार्यालयातून निघालेल्या जात व उत्पन्न दाखल्यावर जी-एन आले होते. एकाच माणसाची तीन नावे झाली होती. संगणक दाखल्यावरचा आरडी नंबर टाकल्यावर नाव जुळत नाही असे सांगत होता, मुलगी रडत होती आणि वडील तिलाच विचारत होते की तू हे आधी का पाहिले नाहीस. सतरा वर्षांच्या मुलीने काय पाहायला हवे होते? 'ज्ञ' हे अक्षर मराठी आणि कन्नड माणूस वेगवेगळे उच्चारतो, यात तिचा काय दोष होता?

म्हणून तुम्ही येत्या आठवड्यात मुलाचे मार्क्स कार्ड, त्याचे व दोघा पालकांचे आधार कार्ड आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येक नावातील अक्षर न अक्षर जुळवून पाहा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की फक्त आद्याक्षर, हेही पाहा. दुरुस्ती आधारमध्ये करायची की दाखल्यात हे ठरवताना मार्क्स कार्ड प्रमाण माना, कारण ते बदलणे सर्वांत अवघड असते. उत्पन्नासह काढलेल्या जातीच्या दाखल्याची मुदत पाच वर्षांची असते. अनेक घरांत हायस्कूलच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला जपून ठेवलेला असतो आणि पीयूसीच्या दुसऱ्या वर्षी तो नेमका संपलेला असतो. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३बी प्रवर्गात येतो. हा दाखला कर्नाटकाच्या प्रवेशांसाठीच उपयोगाचा असतो, महाराष्ट्रातील आरक्षणाची गणिते वेगळी आहेत, आणि तो दोन्हीकडे चालेल असे गृहीत धरून बसू नये.

गावातल्या शाळेत शिकलेल्या मुलाचा आणखी एक हक्क कित्येक पालकांना ठाऊक नसतो. पहिली ते दहावी अशी पूर्ण दहा वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झाली असतील, तर ग्रामीण कोट्याचा लाभ मिळतो. कन्नड माध्यमाचा कोटा आपल्या मुलांना लागू होत नाही, पण ग्रामीण कोट्याला माध्यमाची अट नाही. मराठी शाळेत शिकलेला मुलगाही त्याला पात्र असतो. त्यासाठी शाळेचा अभ्यास-दाखला विहित नमुन्यात भरून त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची, म्हणजे बीईओंची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. शाळा दोन असतील तर दाखलेही दोन लागतात. ही धावपळ जानेवारीत सगळा तालुका एकदम करतो. त्यात डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे अधिवेशन भरले की शहरातील कार्यालये आणि रस्ते दोन्ही गजबजलेले असतात. म्हणून अधिवेशन आटोपताच, सकाळी कार्यालय उघडण्याच्या वेळी जावे.

शेजारच्या चंदगड किंवा गडहिंग्लजला अकरावी-बारावी करणाऱ्या मुलांच्या पालकांना वाटते की कर्नाटकाचे दार आता बंद झाले. तसे नाही. पहिली ते बारावी यांपैकी किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेला आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक कर्नाटकातून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी केईएच्या सर्वसाधारण अटीत बसतो.

फॉर्म भरताना मोबाईल नंबर आणि ईमेल तुमच्या घरचा द्या. हे सांगण्याची वेळ यावी याचे मला वाईट वाटते, पण एका मुलाच्या फॉर्मवर सायबरवाल्याने सोयीसाठी स्वतःचाच नंबर टाकला होता, ओटीपी लवकर यावा म्हणून. फॉर्म भरला गेला, सगळे खूश झाले. पुढे जागावाटपाचे निरोप त्याच नंबरवर जात राहिले आणि मुलाला ते कळले तेव्हा फी भरण्याची मुदत संपत आली होती. एक शंभर पानी वही घ्या, तिच्यात प्रत्येक परीक्षेसाठी एक पान ठेवा, आणि अर्ज क्रमांक, पासवर्ड, फी भरल्याची तारीख, फॉर्मवर लावलेल्या फोटोची एक प्रत, सगळे तिथेच ठेवा. फॉर्म मात्र मुलाला स्वतःच्या हाताने भरू द्या, तुम्ही शेजारी बसून मार्क्स कार्डावरचे नाव मोठ्याने वाचा. त्याच्या आयुष्यातला हा पहिला मोठा कागद आहे. तो त्याने भरला की तो निर्णयही थोडा त्याचा होतो.

या कागदांच्या निमित्तानेच मुलाशी बोलण्याचा मार्गही सापडतो.

सतरा वर्षांचा मुलगा समोरासमोर बसवून 'तुला काय व्हायचे आहे ते सांग' असे विचारल्यावर बोलत नाही. त्याला ती उलटतपासणी वाटते. तोच मुलगा वडिलांच्या गाडीवर मागे बसून नाडकचेरीला जाताना बोलतो, बीईओ ऑफिसच्या बाहेर बाकावर नंबराची वाट पाहत बोलतो, कारण तिथे कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहत नसते आणि हाताला काम असते. माझ्याकडे आलेल्या एका वडिलांनी सांगितले होते की त्यांच्या मुलाला मेकॅनिकल नको आहे हे त्यांना तीन वर्षांत कळले नाही, ते कळले दाखल्याच्या रांगेत. म्हणून हे हेलपाटे 'मुलाचा अभ्यास बुडतो' म्हणून वडिलांनी एकट्याने करू नयेत. आठवड्यातून एकदा, फौंड्रीच्या सुट्टीचा दिवस साधून, त्याला बरोबर न्यावे. वाटेत चहा घ्यावा. प्रवेशाचा विषय वडिलांनी काढू नये. तो निघाला तर ऐकून घ्यावे आणि उत्तर द्यायला दोन दिवस घ्यावेत.

घरात मात्र प्रवेश, मार्क आणि रँक यांवर बोलण्याची आठवड्यातली एकच वेळ ठरवा. रविवारी संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास, वही समोर ठेवून. कोणता फॉर्म राहिला, कोणता दाखला आला, प्रिपरेटरीचे काय झाले, जे विचारायचे ते तेव्हा विचारायचे. उरलेले सहा दिवस जेवताना, झोपताना, अंघोळीला जाताना हा विषय काढायचा नाही. पहिल्या आठवड्यात हे फार जड जाते. तोंडापर्यंत आलेला प्रश्न वहीत लिहून ठेवावा लागतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुलगा स्वयंपाकघरात येऊन उगाच उभा राहू लागतो, असे मला कित्येक आयांनी सांगितले आहे. आईजवळ गेले की मार्कांचा विषय निघणार, ही खात्री मोडली की तो जवळ येतो.

तुमच्यात आणि त्याच्या वडिलांत जो मतभेद आहे तो त्या अर्ध्या तासाच्या आधी, मुलगा घरात नसताना मिटवा. बंगळूर की बेळगाव, हा प्रश्न पुष्कळसा पैशाचा आहे, आणि पैशाबद्दल मुलापासून लपवून काही मिळत नाही. बेळगावातच मच्छे येथे व्हीटीयूचे, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, आणि त्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये शहरात आहेत. घरी राहून शिकणे आणि बंगळूरच्या पीजीत राहून शिकणे यांतील वर्षाचा फरक कागदावर मांडा आणि तो कागद मुलाला दाखवा. सरकारी हमी योजनेखाली ७.५ लाख रुपयांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकते, हेही त्याच कागदावर लिहा. मुले पैशाचे आकडे समजून घेतात. 'तुझ्यासाठी आम्ही काय काय करतो' हे वाक्य मात्र त्यांना सहन होत नाही, आणि होऊ नये. याच महिन्यांत 'मॅनेजमेंट सीट आताच बुक करा, नंतर दर वाढेल' असे सांगणारे एजंट फोन करू लागतात. निकालाआधी कोणालाही एक रुपयाही देऊ नका.

मोबाईल आणि झोप यांबद्दल तुम्ही सर्वांत जास्त लिहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. या वयात शरीराला रात्री झोप उशिरा येऊ लागते. हा आळस किंवा उद्धटपणा नाही, मेंदूतील झोपेची वेळच पुढे सरकलेली असते. आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. एक वाजता झोपलेल्या मुलाला थंडीत पहाटे पाचला उठवले, तर तो चार तासांच्या झोपेवर दिवस काढतो आणि आदल्या दिवशी वाचलेले त्याच्या डोक्यात टिकत नाही, कारण वाचलेले पक्के होते ते झोपेतच. आपल्याकडे पहाटेच्या अभ्यासाचे फार कौतुक आहे, आणि जो मुलगा रात्री नऊला झोपतो त्याच्यासाठी ते योग्यही आहे. तुमच्या मुलासाठी नाही. त्याला साडेसहापर्यंत झोपू द्या. त्याबदल्यात साडेदहाला मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागेल असा करार करा, आणि त्याच ठिकाणी तुमचा आणि त्याच्या वडिलांचाही मोबाईल लागला पाहिजे. हिसकावून घेऊ नका. दिवसा ट्यूशनचे व्हिडिओ, ओटीपी, मित्रांशी बोलणे, सगळे त्यावरच आहे, आणि हिसकावलेल्या मोबाईलची भरपाई मुले रात्री चोरून करतात. सुट्टीत रोज तासभर त्याला शेतात न्या. मसूर, वाटाण्याच्या रानात काम असतेच. उन्हात घाम गाळलेले अंग रात्री वेळेवर झोपते.

तुम्ही लिहिले आहे की त्याचा अभ्यास इंग्रजीत असल्याने तुम्हाला काहीच कळत नाही. मराठी शाळेतून आलेल्या आपल्या मुलांना पीयूसीच्या पहिल्या वर्षी जो धक्का बसतो तो बुद्धीचा नसतो, शब्दांचा असतो. दहावीला 'अपवर्तन' शिकलेला मुलगा वर्गात 'रिफ्रॅक्शन' ऐकतो आणि हे काहीतरी नवीन आहे असे समजून घोकू लागतो. इथे तुमचा उपयोग होतो. रोज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटे त्याला म्हणा, आज शिकलेली एक गोष्ट मला मराठीत सांग. पाण्याच्या पेल्यात ठेवलेला चमचा वाकडा का दिसतो, एवढेच सही. तुम्ही काही तपासायचे नाही, फक्त 'म्हणजे काय?' असे विचारायचे. जिथे तो अडखळेल तिथे त्याचे त्यालाच कळेल की हे आपल्याला आलेले नाही. पुस्तक न उघडता आठवून सांगणे हा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त पक्का अभ्यास आहे, आणि त्यासाठी आईला भौतिकशास्त्र येण्याची गरज नाही. पहिले काही दिवस तो नको म्हणेल. तुम्ही भांडी घासत असताना विचारा, समोर बसून नव्हे.

नातेवाईक आणि शेजारी 'प्रिपरेटरीला किती पडले?' असे विचारतील तेव्हा उत्तर तुम्ही द्या, मुलाला देऊ देऊ नका. 'अभ्यास चालू आहे, निकाल लागला की पेढे घेऊन येतो' एवढे पुरते. आई आपल्या बाजूने उभी राहिली हे मुलगा विसरत नाही.

आता एक गंभीर गोष्ट. तुमचा मुलगा बोलत नाही, चिडतो, मोबाईलमध्ये असतो, हे या वयात आणि या महिन्यात नेहमीचे आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ त्याचे जेवण तुटले, झोप पूर्ण उडाली किंवा दिवसभर झोपून राहू लागला, आवडती गोष्टही नकोशी झाली, मित्र तुटले, किंवा 'मी नसलो तर बरे होईल' अशा अर्थाचे एखादे वाक्य थट्टेतही निघाले, तर ते परीक्षेच्या ताणात मोजू नका आणि परीक्षा होईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी त्याला सरळ विचारा की तुझ्या मनात जिवाचे काही बरेवाईट करण्याचा विचार येतो का. असे विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्यापासून दोन तासांवर आहे. एक वर्ष गेले तर पुढच्या वर्षी परीक्षा देता येते.

शेवटी तुम्ही विचारले आहे की नाताळात त्याला चार दिवस मामाकडे पुण्याला पाठवावे का, की अभ्यास बुडेल. पाठवा, पण तीन दिवस. रात्रीच्या बसने एकट्याला जाऊ द्या. मामांना आधी फोन करून सांगा की महाराष्ट्राच्या सीईटीवर व्याख्यान नको. त्याऐवजी एखाद्या सकाळी त्यांनी त्याला एका इंजिनिअरिंग महाविद्यालयाच्या आवारात आणि तिथल्या मुलांच्या मेसमध्ये नेऊन आणावे, दुसऱ्या दिवशी कृषी महाविद्यालयाच्या आवारात, आणि तिसऱ्या दिवशी त्याला त्याच्या चुलत-मामे भावंडांबरोबर सोडून द्यावे. पुस्तक बरोबर द्यायचे असेल तर एकच द्या. तो परत आल्यावर काय पाहिले हे लगेच विचारू नका. दाखला आणायला त्याला बीईओ ऑफिसात न्यायचेच आहे.